नात्याचा रकाना

यंदा चिंचा फार आल्या आहेत. बालगृहाच्या फाटकातून आत गेलं की डावीकडच्या तिन्ही झाडांखाली पाय ठेवायला जागा नाही. टरफल पायाखाली कुरकुर मोडतं आणि त्याच क्षणी तोंडाला पाणी सुटतं. साठी उलटली तरी त्यात काही फरक पडलेला नाही. दातांचे डॉक्टर चिंच बंद म्हणतात, मी मान डोलावते आणि घरी परतताना पदराच्या गाठीत दोन चिंचा असतातच.

चिंचेचं मला लहानपणापासून नवल वाटत आलं आहे. पावसाळ्यात ती फुलते आणि ते फूल कुणाच्या लक्षातही येत नाही. दिवाळीत हिरवी, संक्रांतीला गाभुळलेली, आणि शिमग्याच्या सुमाराला अशी काही पिकते की टरफल आणि गर यांच्यात आपोआप अंतर पडतं. कानाशी धरून हलवली तर आत खुळखुळ वाजते. त्याआधी सोलायला जाल तर गर टरफलाला घट्ट धरून बसतो, नखं दुखतात पण सुटत नाही. वेळ आली की बोटाच्या नुसत्या दाबानं मोकळा होतो. मोकळं होण्यालाही एक वेळ असते आणि ती दुसरं कुणीतरी लांबवू शकतं, हे मला मात्र फार उशिरा कळलं. ते कळण्यात एका मुलीची पाच वर्षं गेली.

शिरूरहून निमोण्याकडं जाताना वस्ती विरळ होत जाते आणि ज्वारी निघालेली, नुसत्या धसकटांची रानं लागतात. तिथं हे बालगृह आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर मी आठवड्यातून दोनदा तिथल्या मुलांचं शुद्धलेखन घ्यायला जाऊ लागले. घरी बसले असते तर सुनेच्या चुका काढत बसले असते, त्यापेक्षा हे बरं, असं घरातल्या सगळ्यांचंच मत पडलं. माझं अक्षर चांगलं आहे. हे आता मलाच सांगावं लागतं, कारण सांगणारे मुख्याध्यापक हयात नाहीत. बालगृहात मात्र ते लगेच ओळखलं गेलं आणि भेट-वही माझ्या हाती आली.

लाल कापडी बांधणीची लांबलचक वही. तारीख, बालकाचे नाव, भेटीस येणाऱ्याचे नाव, बालकाशी नाते, आणलेल्या वस्तू, सही. महिन्यातून दोन रविवारी मुलांची माणसं भेटायला यायची. त्या दिवशी पोरांच्या केसांना तेल जरा जास्तच लागलेलं असायचं. कुणाची आई रांजणगावच्या कुठल्याशा कंपनीतल्या कँटीनमध्ये सकाळच्या पोळ्या लाटून यायची, कुणाचा दारू सुटलेला बाप, कुणाची थकलेली आत्या. ज्यांचं कुणी यायचं नाही ती पोरं फाटकाकडं पाठ करून खेळायची. इतकं मन लावून खेळायची की पाहवत नसे.

पूनम त्यांतलीच. तीन वर्षांची असताना तिला तिची आजी इथं सोडून गेली होती. आई बाळंतपणात गेली, बाप ऊसतोडीला गेला तो परत आलाच नाही. म्हातारीनं कागदावर अंगठा दिला, खुटबावच्या पलीकडची एक वस्ती गाव म्हणून सांगितली आणि दिवाळीला येते म्हणाली. दिवाळी येऊन गेली, म्हातारी आली नाही.

चिंचा झोडायला लक्ष्मणआप्पा यायचे. पन्नाशीचा, काटक, मिशा अर्ध्या पिकलेला माणूस. खुटबावला त्यांचं लहानसं गुऱ्हाळ, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला आसपासच्या तालुक्यांतली चिंचेची झाडं ते ठोक पैसे देऊन उक्ती घ्यायचे. दोन पोरं फांद्यांवर चढून झाडं हलवायची, खाली बायका ताडपत्र्या पसरून वेचायच्या, मग आठवडाभर बालगृहाच्या ओट्यावर टकटक टकटक फोडणं चालायचं. सगळ्या आवाराला आंबूस वास यायचा. मुलांची चंगळ असायची. चिंचोका फरशीवर घासून घासून तापवायचा आणि दुसऱ्याच्या दंडाला चटका द्यायचा, हा खेळ मीही लहानपणी खेळले आहे. तो अजून कुणी विसरलेलं नाही याचंही मला नवल वाटतं.

पूनम चटके द्यायची नाही. ती चिंचोके गोळा करायची, पुसायची आणि ओळीनं मांडून ठेवायची. आप्पांनी तिला विचारलं, कुठली गं तू. तिनं वस्तीचं नाव सांगितलं. आप्पा म्हणाले, म्हंजी आमच्याकडचीच की. बस, त्या वर्षी एवढंच झालं.

पुढच्या वर्षी चिंचा झोडायला आले तेव्हा त्यांच्या पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेली गुळाची एक भेली होती. पूनमला हाक मारून त्यांनी ती तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "तुझ्या आजीनं धाडलाय." पूनमचा चेहरा मी पाहिला. मी अठ्ठावीस वर्षं मुलांना शिकवलं, पण एखाद्या चेहऱ्यात इतका उजेड एकदम शिरताना मी पाहिलेला नव्हता. मी धावत जाऊन भेट-वही आणली आणि माझ्या सुबक अक्षरात लिहिलं. नाते: आजीतर्फे. वस्तू: गूळ, एक भेली. आप्पांना सही करायला लावली. ते जरा घुटमळले, पण मी कसली सोडते.

निघताना पूनमनं चिंचोक्यांची एक पुरचुंडी आप्पांकडं दिली. आजीला द्या म्हणाली.

असं पाच वर्षं चाललं. दर उन्हाळ्याला एक भेली, वहीत एक ओळ आणि परतीच्या पिशवीत एक पुरचुंडी. दरवर्षी मुलांच्या फायली तपासणीला वर जायच्या आणि पूनमच्या फायलीवर शेरा यायचा, नातेवाइकांचा संपर्क आहे. मला त्याचा अभिमान वाटायचा. तिच्याबरोबरची दोन मुलं या काळात दत्तक गेली. गाडीत बसताना त्यांच्या हातात नवी खेळणी होती, आणि पूनम ओट्यावरून हात हलवत होती. मी तिला जवळ घेऊन म्हटलं होतं, तुला काय कमी आहे, तुला तर आजी आहे. हे वाक्य आज आठवलं की अंगावर काटा येतो.

तो उन्हाळा तीन वर्षांपूर्वीचा. बालगृहात नवीन अधीक्षिका आल्या होत्या, गायकवाड मॅडम. तरुण, भराभर चालणाऱ्या आणि गोड बोलून कामाला लावणाऱ्या. दत्तकाचे नियम नुकतेच बदलले होते. पूर्वी दत्तकाचा हुकूम कोर्टाकडून मिळायचा, तारखा पडायच्या. आता तो जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळणार होता. मॅडमच्या मते मात्र खरं काम त्याच्या कितीतरी आधीचं होतं. त्या म्हणायच्या, "बाई, कायद्यानं दार मोठं केलंय, पण मूल त्या दारापर्यंत पोचायला तर हवं." प्रत्येक मूल इथं का आहे, त्याचं कोण येतं, खरंच येतं का, हे त्या एकेका फायलीत शोधू लागल्या. ज्याच्याकडं कुणीच फिरकत नाही त्याच्याबद्दल चौकशी करून बालकल्याण समिती त्याला दत्तकासाठी मोकळं ठरवू शकते. पण वर्षातून एकदा जरी कुणी बिस्किटाचा पुडा घेऊन आलं, तरी कागदावर त्याला घर आहे.

भेट-वही घेऊन त्या माझ्याशेजारी ओट्यावर बसल्या. चिंचा फोडणं चालू होतं. माझ्या अक्षराचं त्यांनी आधी कौतुक केलं, मी सुखावले. मग पूनमच्या पाच ओळींवर बोट ठेवून विचारलं, बाई, आजी स्वतः कधी आली होती?

कधीच नाही. हे उत्तर माझ्या तोंडून बाहेर पडलं तेव्हा मला स्वतःलाच ते नवं वाटलं. पाच वर्षं मी ज्या बाईच्या नावानं ओळी लिहिल्या, तिला मी पाहिलेलंही नव्हतं.

आप्पा तेव्हा माणसं आमच्याकडं कामाला लावून गुऱ्हाळावर परतले होते. दुसऱ्या दिवशी मॅडम आणि मी जीपनं निघालो. केडगावच्या पुढं उसाचा पट्टा सुरू झाला, गुऱ्हाळांचे धूर दिसू लागले. वस्तीवर विचारलं तर लोकांनी सरळ सांगितलं, म्हातारी जाऊन पाच वर्षं होऊन गेली. नातीला ठेवून आली आणि त्याच थंडीत गेली. तिच्या मागं कुणी नाही. खोपटंही पडलं.

तिथून खुटबावला आप्पांच्या गुऱ्हाळावर. काहिलीत रस उकळत होता, उत्तरेकडचा एक कामगार चुलवणात चिपाडं सारत होता, आणि तो गोड, जड वास सगळ्या अंगाला चिकटत होता. मॅडमनी काही विचारायच्या आधीच आप्पा आमच्याकडं बघून खाली बसले.

"रविवारी समद्या पोरांची माणसं यायची," ते म्हणाले. "ही एकटीच चिंचुके पुसत बसायची. मला वाटलं, एक भेली न्हेली आन् म्हातारीचं नाव घेतलं तर कुणाचं काय जातंय."

मॅडमनी त्यांना शांतपणे समजावलं की काय गेलं. आप्पा ऐकत होते आणि त्यांचा चेहरा उतरत होता. पण माझा त्यांच्याहून जास्त उतरला असला पाहिजे. ते नुसतं बोलले होते. लिहिलं मी होतं. कुणी मागितलेली नसताना मी त्या खोट्याला तारीख दिली, नातं दिलं, सही दिली. एक चांगलं अक्षर एका पोरीच्या आड उभं राहिलं होतं, आणि ती तीनाची आठ वर्षांची झाली होती.

आप्पांची बायको, सुमनबाई, चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. कप ठेवून त्या आत गेल्या आणि पत्र्याचा एक डबा घेऊन आल्या. आत पाच पुरचुंड्या होत्या. पहिलीचं फडकं उंदरानं जरासं कुरतडलं होतं, तिला त्यांनी वरून दोरा गुंडाळला होता.

"दुसऱ्याची वस्तू, ज्याची त्याला द्यावी तर ते मानूसच न्हाई," सुमनबाई म्हणाल्या. "मग ठिवल्या."

मी आयुष्यात बरंच काही पाहिलं आहे. पण मेलेल्या बाईसाठी आलेले चिंचोके पाच वर्षं सांभाळणारी बाई मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. चहा तसाच गार झाला.

आप्पांचा जबाब तिथंच लिहायचा होता. मॅडमनी कागद माझ्यापुढं सरकवला. मी लिहीत गेले. आजी हयात नाही हे मला माहीत होते. गूळ मी स्वतः देत होतो. आणि मग ती ओळ आली: सदर बालिकेशी माझे कोणतेही नाते नाही.

आप्पा म्हणाले, "बाई, हे वाक्य सोडून बाकी समदं लिवा की."

मॅडम म्हणाल्या, ते वाक्यच लागतं, आप्पा. ते नसेल तर ती कागदावर त्या गेलेल्या म्हातारीचीच राहील. आप्पांनी पेन घेतलं. सही करताना ते दोनदा थांबलं. मग कागद परत देत त्यांनी हळूच विचारलं, "आता तिचं कुणीच न्हाई म्हंता. मग तिला मागायचा हक्क कुणाचा?"

"कुणाचाही," मॅडम म्हणाल्या. "तुमचासुद्धा."

आप्पांनी सुमनबाईंकडं पाहिलं. त्यांची एकुलती मुलगी लग्न होऊन बारामतीला गेली होती. घरात दोनच माणसं. सुमनबाई डब्याचं झाकण लावत होत्या, ते काही केल्या बसत नव्हतं.

पूनमला सांगायचं काम मी मागून घेतलं. ते माझंच होतं. झाडाखाली बसवून मी तिला आजीचं सांगितलं, गुळाचं सांगितलं, वहीचंही सांगितलं. मुलं अशा वेळी रडतात म्हणून मी रुमाल घेऊन गेले होते. ती रडली नाही. खाली बघत म्हणाली, "मग माझे चिंचुके?"

मी म्हटलं, आहेत. आप्पांच्या घरी, डब्यात.

"समदे?"

सगळे, म्हटलं. ती नुसती मान हलवत राहिली. रुमाल शेवटी मलाच लागला.

पुढचे महिने सोपे नव्हते. पूनमचा फोटो वर्तमानपत्रात छापून आला, कुणी नातेवाईक असल्यास पुढे यावे म्हणून. त्या दिवसांत फाटकाशी गाडी थांबली की मी हातातलं शुद्धलेखन टाकून ओट्यावर यायचे. कुणी येईल याचीही भीती आणि कुणीच येणार नाही याचंही वाईट. कुणी आलं नाही. समितीनं तिला मोकळं ठरवलं. मग तिचं नाव देशभरच्या यादीत गेलं. पण लोकांना पाळण्यातलं बाळ हवं असतं, आठ वर्षांच्या मुलीच्या फोटोवरून ते पुढं सरकतात. आमचे आप्पा अर्ज घेऊन उभेच होते. मॅडमनी मार्ग सांगितला, आधी सांभाळायला घ्या, दोन वर्षं नीट सांभाळलंत तर दत्तक मागता येईल. पूर्वी यासाठी याहून बरीच वर्षं थांबावं लागायचं.

चौकशीला आलेल्या बाईंनी सुमनबाईंना विचारलं म्हणे, मुलीला वेगळी खोली आहे का. सुमनबाई म्हणाल्या, खोली न्हाई, पर ती निजल्याबिगर मी निजायची न्हाई. भावकीतही कुजबुज झाली, कुणाची कोण, जात कुठली. आप्पांनी एवढंच उत्तर दिलं की पाच वर्सं आमचा गूळ खाती, तवा कुणी इचारलं न्हाई. कुजबुज तिथंच संपली असं नाही, पण तोंडावर बोलायचं बंद झालं.

कायदा म्हटलं की मला नेहमी जाडजूड पुस्तकं आणि काळे कोट आठवायचे. तो असा असतो हे मला ठाऊक नव्हतं. कुठंतरी लांब कुणीतरी बसून नियमाची एक ओळ बदलतं आणि खुटबावच्या एका घरात तिसरं ताट वाढलं जातं. कुठंतरी दुसरं कुणीतरी चांगल्या मनानं एक ओळ लिहितं आणि ते ताट पाच वर्षं पालथं राहतं. दोन्हींचा कागद सारखाच, शाई सारखीच. या गोष्टीपुढं मी अजून थक्क होते. आणि खरं सांगायचं तर थोडी घाबरतेही, कारण अशी किती मुलं अजून कुणाच्या तरी बिस्किटाच्या पुड्यामागं अडकून बसली असतील, कोण जाणे.

या थंडीत जिल्हाधिकाऱ्यांचा हुकूम आला. सुमनबाईंनी तो देवापाशी ठेवला. नंतर कुंकू लागून डाग पडेल म्हणून उचलून कपाटात ठेवला.

आणि परवाच्या रविवारी आप्पा चिंचा झोडायला आले. बरोबर पूनम. दोन वेण्या घातलेली, माझ्या खांद्यापर्यंत उंच झालेली, सहावीतली मुलगी. ज्या फाटकाकडं पाठ करून ती खेळायची, त्यातून आज पाहुणी म्हणून आत येत होती. मुलींनी तिला गराडा घातला. मग माझं लक्ष गेलं तर ती ओट्याच्या टोकाशी गौरीपाशी बसली होती. गौरी चार वर्षांची. मावशीनं आणून सोडलं त्याला वर्ष उलटलं, नंतर कुणी फिरकलेलं नाही. ती चिंचोक्यांचे ढीग करत होती.

पूनमनं पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली भेली काढून तिच्या हातात दिली. मग माझ्याकडं आली आणि कानाशी लागून म्हणाली, "बाई, वहीत लिवा. तिच्या मावशीनं धाडलाय म्हणून."

मी वर पाहिलं. आप्पा तिच्या मागं उभे होते. त्यांनी नजर खाली वळवली.

मी वही उघडली. तारीख लिहिली. बालकाचे नाव गौरी. भेटीस येणाऱ्याचे नाव पूनम. वस्तू, गूळ एक भेली. एक रकाना मागं रिकामा राहिला होता. इतक्या वर्षांत त्या रकान्यावर माझा हात कधी थांबला नव्हता, तो थांबला. गौरी गूळ चाटत होती आणि तिच्या चेहऱ्यावर तोच उजेड होता. मग मी शक्य तितक्या सुवाच्य अक्षरात लिहिलं, नाते नाही.

पूनमनं वाकून वाचलं. तिचे डोळे भरून आले. "काहीच न्हाई व्हय, बाई?"

मी काही बोलणार एवढ्यात आप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"ऱ्हाऊ दे, पोरी," ते म्हणाले. "माझ्याफुडंबी बाईंनी ह्येच लिवलं हुतं."

पूनम वहीकडं बघत राहिली. मग तिनं माझ्या हातातून पेन घेतलं, आणि सहीच्या रकान्यात सावकाश, आपलं पूर्ण नाव लिहिलं. पूनम लक्ष्मण थोरात. तिचं अक्षर चांगलं आहे.